देस्पिनाबाईंची खुर्ची

खुर्ची दाराबाहेर काढू नये, असं आमच्या अल बर्शाच्या बिल्डिंगमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं. सायकली ठेवू नका, चपलांचे रॅक ठेवू नका, बाल्कनीत कपडे वाळत घालू नका, हे सगळं लिफ्टशेजारी अरबीत आणि इंग्रजीत टांगलेलं होतं. खुर्चीचं तेवढं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार. लिफ्टमधून दारात आणि दारातून लिफ्टमध्ये, एवढाच ज्या कॉरिडॉरचा उपयोग, तिथं खुर्ची टाकून बसणार कोण?

देस्पिनाबाई बसल्या.

मी ऑफिसातून येत होते. खांद्यावर लॅपटॉप, एका हातात दुधाचा कॅन, दुसऱ्या हातात कोथिंबीर. लिफ्टचं दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटबाहेर एक गोरी बाई काथ्याने विणलेल्या लाकडी खुर्चीवर बसलेली. साठीच्या आसपासची. पांढरे बॉयकट केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात घरातल्या सपाता. मला वाटलं, बिचारी नवीन राहायला आली आणि दार ओढलं गेलं.

"मॅडम, चावी आत राहिली का? वॉचमनला बोलावू?"

"नाही. मी बसलेय."

"हो, पण का?"

"संध्याकाळ झाली," बाई म्हणाल्या.

आता यावर माणसानं काय बोलावं? संध्याकाळ आमच्याकडेही होते. आम्ही कुकर लावतो. मी 'ओके' म्हणून दाराला चावी लावणार, तोवर बाई आत जाऊन एक काचेची बशी घेऊन आल्या. बशीत कडू नारंगीच्या सालीचा मुरांबा, एक छोटा चमचा आणि शेजारी थंड पाण्याचा ग्लास. आमच्या सांगलीकडं उन्हातनं आलेल्याला गूळ-पाणी देतात, अगदी तसं. मी उभ्याउभ्याच चमचा तोंडात घातला तर म्हणाल्या, "उभं राहून खाल्लं की हे लागत नाही." आणि एक घडीची खुर्ची माझ्यासाठी उघडली. मी बसले. कुकर राहिला. थोड्या वेळानं शेखर, म्हणजे माझा नवरा, लिफ्टमधून बाहेर आला आणि स्वतःच्या बायकोला कॉरिडॉरमध्ये बसलेली बघून त्यानं विचारलं, "काय गं, कुलूप बिघडलं का?"

बाई अथेन्सच्या. पण अथेन्स म्हटलं की त्या लगेच दुरुस्त करायच्या, "अथेन्स नाही. नेआ इओनिया." ते अथेन्सचं एक उपनगर. दुबईत त्या एका कन्सल्टंटकडे नोकरीला होत्या आणि त्यांचं काम काय, तर नवी उपनगरं काढणं. इथं त्याला 'कम्युनिटी' म्हणतात. गेट, तळं, क्लबहाउस, मग राहणारे कोण ते नंतर बघू. बाई दिवसभर असल्या कम्युनिट्या स्क्रीनवर आखायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्ची बाहेर काढायच्या. लग्न, नवरा, मुलंबाळं असा विषय कुणी काढलाच तर दोन्ही हात वर करून 'ती ना कानुमे' म्हणायच्या, म्हणजे 'काय करणार'. विषय खलास.

त्यांच्याबरोबर चालायला जाणं ही एक शिक्षा होती. मधेच थांबून फुटपाथच्या कडेला बुटाची टाच आपटून बघायच्या. "उंच आहे. म्हातारीला उतरता येणार नाही." अहो, पण इथं कुठली म्हातारी पायी निघालीय? तरी प्रत्येक कोपऱ्यावर हेच. सगळं दुबई 'यल्ला यल्ला' करत धावतंय आणि ह्या 'सिगा, सिगा' म्हणत माझी ओढणी धरून मला मागं खेचताहेत. सिगा म्हणजे हळू. एसीचं ठिबकणारं पाणी त्या बादलीत साठवायच्या आणि लिफ्टनं खाली नेऊन पार्किंगच्या कडेच्या मरतुकड्या कडुनिंबाला घालायच्या. करीमभाई वॉचमननं कपाळाला हात लावला होता. तो म्हणे, "भाभीजी, झाड म्युनिसिपालिटीचं, पाणी मालकाचं, मेहनत मॅडमची. समजत नाही काही."

महिना-दोन महिन्यांत कॉरिडॉरला वळण लागलं. शेजारची नसरीन, लाहोरची, मटार सोलायला बाहेर येऊ लागली. आमची इरा गृहपाठ घेऊन जमिनीवर बसायची. मी सुरुवातीला नाक मुरडायचे, "इरा, आत ये, लोक काय म्हणतील?" तर पोरीचं ठरलेलं उत्तर, "आई, लोक आर ऑल हिअर ओन्ली." खरंच होतं. ज्यांनी काही म्हणायचं, ते सगळे तिथंच मटार सोलत होते. दुबईत आठ वर्षं राहून मला माझ्या मजल्यावरच्या कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. त्या एका खुर्चीमुळे ती सगळी नावं कळली.

एकदा इरानं विचारलं, "आंटी, व्हॉट इज नेआ?"

"नेआ म्हणजे नवी," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी आमचे सगळ्यांचे स्वयंपाक राहिले.

शंभर वर्षांपूर्वी, त्या सांगत होत्या, ग्रीस लढाई हरला आणि समुद्रापलीकडच्या तुर्कस्तानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या लोकांना निघावं लागलं. बाईंची आजी इस्पार्ताची, गालिचे विणणाऱ्यांच्या गावची. ख्रिस्ती म्हणून तिची ग्रीसला रवानगी झाली आणि ग्रीसला पोचल्यावर लक्षात आलं की हिला ग्रीक येतच नाही. घरात तुर्कीच बोलायचे. नसरीन हसली आणि मग तिनं हातातली मटाराची शेंग खाली ठेवली. तिची आजीही जालंधरहून उठून लाहोरला गेलेली. "नव्या गावचे लोक काय म्हणायचे त्यांना?" तिनं विचारलं. "तुर्काचं बियाणं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे?" नसरीन म्हणाली, "मुहाजिर, म्हणजे बाहेरून आलेले. अजून म्हणतात."

शहरानं त्यांना आत घेतलं नाही. शहराबाहेर ओढ्याकाठी माळ होता, तिथं जागा दिली. आधी तंबू, मग फळकुटांच्या खोल्या, मग सरकारनं बांधलेली दगडी घरं. एकेका घरात दोन-दोन कुटुंबं, मध्ये घोंगडी टांगलेली. बायकांच्या हातात गालिच्यांची कला होती, तिच्यामागे कारखाने आले. मग सुताच्या, रेशमाच्या गिरण्या. पहाटे भोंगा व्हायचा. भोंगा म्हटल्यावर शेखरचे कान टवकारले. त्याचे वडील परळच्या गिरणीत होते.

"संप व्हायचे का हो तुमच्याकडे?"

"संपाशिवाय गिरणी असते का?" बाई म्हणाल्या, आणि शेखरनं त्या दिवसापासून त्यांना मनातल्या मनात नातेवाईक करून टाकलं.

"आणि गल्ल्यांना नावं दिली सुटलेल्या गावांची. अख्ख्या वसाहतीचं नाव नवी इओनिया. अथेन्सभोवती अशा कितीतरी नेआ आहेत. जे सुटलं त्याच्या नावाआधी नेआ लावायचं आणि कामाला लागायचं."

"लाइक नवी मुंबई?" इरा म्हणाली.

"बरोब्बर," बाई म्हणाल्या. नवी मुंबई कुठं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढं विजेची रेल्वे आली, ओढ्यावर रस्ता झाला, गिरण्या बंद पडल्या, घरं पाडून फ्लॅट उभे राहिले, आता तिथं कॉफीची आणि कपड्यांची दुकानं आहेत, हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं. त्यांचा जीव मात्र पायरीत होता. तिकडे ईस्टरच्या आधी घराला, पायरीला, फुटपाथच्या कडेला, झाडांच्या बुंध्यांना चुना लावतात. आजी कितीतरी वर्षं लावायचीच नाही. कशाला? आपण परत जाणार. शेजारणींच्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र आणि हिची काळी. मग एका ईस्टरला सकाळी आजी गुडघ्यांवर बसून पायरीला चुना लावताना दिसली. कुणी अवाक्षर काढलं नाही. पण गल्लीला कळलं, हिनं परत जायचं सोडलं, ही आता इथली झाली. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा खुर्ची दाराबाहेर काढली.

"ती ही खुर्ची?" मी विचारलं.

"नाही गं. ती मोडली. पण ही त्याच सुताराच्या मुलाची."

आता मुद्द्याचं. ते आजीचं घर अजून उभं होतं. गल्लीत तेवढं एकच उरलेलं, दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या इमारती. त्यात बाईंचे मोठे भाऊ मिहालिस आणि वहिनी कातिना राहत. घर दोघा भावंडांच्या नावावर. एक बिल्डर मागे लागला होता. तिकडे आपल्या रीडेव्हलपमेंटसारखीच पद्धत आहे, जमीन बिल्डरला द्यायची आणि बदल्यात नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचे. अर्ध्या अथेन्सला त्यातूनच छप्पर मिळालं. मिहालिसची सही झाली होती. बाईंची होत नव्हती.

हे त्यांनी आमच्याकडं जेवताना सांगितलं, शेखरसमोर. तिथंच घोळ झाला.

कारण शेखरच्या आईची मुलुंडची बिल्डिंग. पाच वर्षांपूर्वी रीडेव्हलपमेंटला गेली, पाडली, खड्डा खणला आणि बिल्डर गायब. सासूबाई तेव्हापासून भांडुपला भाड्याच्या घरात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, तसं शेखर 'बिल्डर' हा शब्दच फुंकून ऐकतो.

"सही करू नका!" तो पोळी टाकून उठलाच. "काही झालं तरी सही करू नका. बिल्डर तो बिल्डर, मुलुंडचा असो नाहीतर अथेन्सचा. पाडेपर्यंत गोड बोलतात."

एवढ्यावर थांबेल तर तो शेखर कसला? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी. शुक्रवारी त्यानं मित्रमंडळ गोळा केलं. एक ठाण्याचा, एक पुण्याच्या कोथरूडचा, एक डोंबिवलीचा, सगळे रीडेव्हलपमेंटमध्ये तावून सुलाखून निघालेले. आमच्या हॉलमध्ये नेआ इओनियाच्या घराची रीतसर मीटिंग झाली. ज्यांनी आयुष्यात अथेन्स बघितलं नाही, ते तीन मराठी पुरुष सोफ्यावर बसून तिथल्या बिल्डरला घाम फोडत होते. बँक गॅरंटी मागा. सोसायटीचा ठराव करा. "पण सोसायटी नाहीये, दोन भावंडं आहेत," मी म्हणाले. "मग आधी सोसायटी स्थापन करा," डोंबिवली म्हणाली. देस्पिनाबाई कांदाभजी खात सगळं गंभीरपणे ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "नंदा, तुझ्या नवऱ्यामुळे मला धीर आला. मी सही करणार नाही."

मी मनात म्हटलं, झालं! आता त्या भावाचं काय?

तो भाऊ डिसेंबरात आला. बायकोला तिच्या बहिणीकडं ठेवून एकटाच, बहिणीची समजूत घालायला. उंच, वाकलेला, काठी टेकत चालणारा म्हातारा. इंग्रजी तुटकं. कॉरिडॉरमध्ये बहिणीची खुर्ची बघून तो थबकला, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि न विचारता तीवर बसला. पहिले दोन दिवस भावंडं बंद दाराआड ग्रीकमध्ये कडाकडा भांडत होती. आम्हाला शब्द कळत नव्हता, पण भाऊ-बहिणीचं भांडण कळायला भाषा कशाला लागते?

तिसऱ्या संध्याकाळी बाई कडुनिंबाला पाणी घालायला खाली गेल्या आणि मिहालिस माझ्याकडं वळले.

"तुम्ही तिची मैत्रीण. तुम्ही सांगा. ती ऑगस्टमध्ये येते. पंधरा दिवस. तुळशीसारखं झाड असतं आमच्याकडं दारात, तेलाच्या डब्यात लावलेलं, त्यावर हात फिरवते, हाताचा वास घेते, डोळ्यांत पाणी आणते आणि विमानात बसते. मी तिथं राहतो. भिंतीला ओल आहे. बाथरूम अंगण ओलांडून आहे. कातिना गेल्या हिवाळ्यात तिथं पडली, कंबरेचं हाड मोडलं. जिना चढता येत नाही म्हणून आम्ही दोघं खालच्या एका खोलीत झोपतो." ते थांबले. "आई गेल्यापासून त्या पायरीला चुना लागला नाही. आम्हाला वाकता येत नाही. आणि ही येते ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये ईस्टर नसतो."

मी शेखरकडं बघितलं. तो बुटांच्या नाड्या बघत होता. त्याला भांडुपची भाड्याची खोली आठवली असणार, आणि तिथला जिना.

बाई वर आल्या, आमची तोंडं बघून समजल्या. रिकामी बादली खाली ठेवून म्हणाल्या, "मी दिवसभर दुसऱ्यांची उपनगरं काढते. कागदावर. माझं खरं असं एकच आहे. ते मी पाडायला सही करू? आजीनं चुना लावला ते घर?" मिहालिस काठी टेकत आत गेले. दोन दिवसांनी सहीविना परत गेले. लिफ्टचं दार बंद होताना, असे हार मानून निघाले म्हणून मला त्यांचा फार राग आला आणि बाईंचा त्याहून जास्त. तसं मी बोललेही.

"अहो, तुम्ही फुटपाथवर टाच आपटून म्हातारीची काळजी करता. तुमच्या घरातली म्हातारी अंगणात पडली, तिचं काय?"

बाईंनी आठवडाभर खुर्ची बाहेर काढली नाही. मला वाटलं, तुटलं. आठव्या दिवशी बशी घेऊन आल्या, मुरांबा आणि पाणी. त्या विषयावर मात्र दोघीही बोललो नाही.

आणि मग आमच्याच बुडाखाली सुरुंग लागला. मालकाला बिल्डिंगचं मोठं काम काढायचं होतं, सगळ्या भाडेकरूंनी वर्षभरात जागा सोडावी, अशी रीतसर नोटीस आली. यात नवल काही नाही, दुबईत हे चालायचंच. पण आमच्या मजल्यावर सुतक आल्यासारखं झालं. देस्पिनाबाईंना सगळ्यात जास्त लागलं. "बघितलंस? भिंती गेल्या की सगळं गेलं," त्या मला म्हणाल्या, जणू माझ्या त्या बोलण्याचं हे उत्तर. "मिहालिसला हे कळत नाही."

एकेक करून लोक गेले. नसरीन आणि आम्ही शाळेच्या बसचा हिशेब करून सिलिकॉन ओएसिसला एकाच टॉवरमध्ये घरं घेतली. बाईंची नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते, त्यांनी ऑफिसजवळ एका खोलीचा स्टुडिओ फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी त्यांनी ती लाकडी खुर्ची कचऱ्याच्या खोलीबाहेर ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाल्या, "स्टुडिओला कॉरिडॉर कुठंय? ती ना कानुमे." टॅक्सीत बसताना त्यांनी एकदा कडुनिंबाकडं बघितलं. झाडाला तोवर चांगली पालवी आली होती.

नव्या घरी पहिले दोन आठवडे आम्ही पुन्हा पहिल्यासारखे झालो. लिफ्ट, दार, कुकर. एक दिवस मी ऑफिसातून आले, लिफ्टचं दार उघडलं आणि समोर बाईंची खुर्ची. तीवर इरा बसलेली, मांडीवर पुस्तक.

"ही कुठून आली?"

"पापाज पिकअप हॅड स्पेस," ती म्हणाली. कचऱ्याच्या खोलीबाहेरून बापलेकीनं मला न सांगता ती उचलून आणली होती आणि इतके दिवस बाल्कनीत दडवली होती.

"अगं, पण इथं आपल्याला कुणी ओळखत नाही. लोक काय म्हणतील?"

"एक्झॅक्टली, आई. लोक आर नॉट हिअर येट."

नसरीन मटार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी समोरची इजिप्शियन बाई दार किलकिलं करून बघायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "चावी आत राहिलीय का?" नसरीन आणि मी एकमेकींकडं बघून अशा हसलो की ती बिचारी घाबरलीच. "नाही हबीबती," नसरीन म्हणाली, "संध्याकाळ झालीय." ती आत गेली आणि स्वतःची खुर्ची घेऊन आली.

मग आम्ही देस्पिनाबाईंना जेवायला बोलावलं. बाकी काही सांगितलं नाही. लिफ्टचं दार उघडलं, बाई बाहेर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाच-सहा खुर्च्या, प्लास्टिकच्या, घडीच्या, एक ऑफिसची चाकांची, आणि मध्ये त्यांची लाकडी. भिंतीवर इरानं रंगीत पेननं लिहून चिकटवलेला कागद, इंग्रजी मोठ्या अक्षरांत: नेआ बर्शा.

"ही खुर्ची मी टाकून दिली होती," बाई म्हणाल्या.

नसरीननं ती त्यांच्याकडं सरकवली.

"आणि हे कुणी लिहिलं?"

"मी," इरा म्हणाली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. "यू ओन्ली सेड, आंटी. जे गेलं त्याला नेआ लावायचं अँड स्टार्ट वर्किंग."

बाई खुर्चीवर बसल्या. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून नुसत्या बसल्या. नसरीन आत जाऊन बशी घेऊन आली. बशीत गाजराचा हलवा होता, पण छोटा चमचा होता आणि शेजारी पाण्याचा ग्लास होता. बाईंनी सावकाश सगळा हलवा संपवला, पाणी प्यायल्या, चष्मा काढून पुसला.

"शेखर," त्या म्हणाल्या, "बिल्डरकडं तळमजल्यावरचा फ्लॅट मागितला तर तो देतो?"

शेखरला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा आतला मुलुंडकर जागा झाला. "तळमजला? तळमजला कोण मागतं? डास, धूळ, गाड्यांचा धूर! वरचा मागा, टॉप फ्लोअर, टेरेससकट!"

"वरचा सगळे मागतात. मला दार हवं. सरळ रस्त्यावर उघडणारं, एक पायरी असलेलं. पायरीपुढं खुर्चीपुरती जागा. आणि मिहालिसला जिना नको. वरचे मजले बिल्डरनं कुणालाही द्यावेत."

मी खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. शेखरनं मान डोलावली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पायरी प्लॅनवर काढून घ्या. तोंडी नको. आणि मिहालिसचं मधल्या काळातलं भाडं आधी ठरवा. घरातून सामान त्यानंतरच बाहेर." हा सल्ला मात्र सोन्यासारखा होता, आणि तो मुलुंडच्या खड्ड्यातूनच निघाला होता.

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. ग्रीकमध्ये चार वाक्यं बोलल्या. मग म्हाताऱ्याचा आवाज फोनमधून साऱ्या कॉरिडॉरला ऐकू आला, "कातिना! कातिना!" तो बायकोला हाका मारत होता.

पायरीचा प्लॅन बाईंनी स्वतः काढला. इतकी वर्षं तळी आणि क्लबहाउसं आखलेल्या बाईंनी त्या एका पायरीवर अख्खा शनिवार घालवला. पायरीची उंची ठरवायला आमच्या नव्या बिल्डिंगच्या फुटपाथवर टाच आपटून बघितली आणि म्हणाल्या, "याच्या अर्धी." सिक्युरिटीवाला आम्हाला हटकायला आला, तर त्यालाच त्यांनी पाय उचलून दाखवायला लावला. नोकरी संपल्यावर त्या गेल्या. विमानतळावर मी रडले, त्या रडल्या नाहीत. खुर्ची न्या म्हटलं तर हात हलवून नाही म्हणाल्या. "ती नेआ बर्शाची आहे. तिकडे तो सुताराचा मुलगा आहे अजून."

मधल्या काळात फोन यायचे. घर पाडलं त्या दिवशी आला नाही. आम्हीही केला नाही. मुलुंडच्या खड्ड्याला नवा बिल्डर मिळाला आणि यंदा पिलर वर आले, तेव्हा शेखरनं आधी आईला फोन केला आणि मग देस्पिनाबाईंना.

या वर्षी त्यांच्या ईस्टरच्या आधल्या आठवड्यात मिहालिसचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही कॉरिडॉरमध्येच होतो. त्यांना फोन धरता येत नव्हता, आधी आभाळ दिसलं, मग एक नवी इमारत, मग काठी, मग कातिनाबाई खुर्चीत बसून आम्हाला हात करताना. "दाखवतो, दाखवतो," म्हातारा म्हणत होता.

मग एक पायरी दिसली. बुटकी. पायरीसमोर फुटपाथवर गुडघे टेकून, आमच्याकडं पाठ करून, कुणीतरी वाकलं होतं. पांढरे बॉयकट केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, शेजारी चुन्याची बादली. ब्रश पायरीवरून फिरत होता. मिहालिस मागून सूचना देत होते, "सिगा, सिगा." त्यांनी हाक मारली तरी बाईंनी वळून बघितलं नाही. कोपरा राहिला होता, तो त्या पांढरा करत होत्या.

नसरीननं माझा हात धरला. इजिप्शियन शेजारणीनं विचारलं, "कोण ही? काय करतेय?"

"आमची शेजारीण," मी म्हणाले. "राहायला आलीय."